चॅट्सवर्थचा वाडा : नाव कोणाचे, हात कोणाचे?



वसंतातल्या संध्याकाळी उघड्या मंडपात बसून एखाद्या बागेविषयी ऐकावे, ही इच्छा रास्त आहे आणि मी तिचा हिरमोड करणार नाही. पण मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. हजेरीपट, पगारपत्रके आणि कंपन्यांचे ताळेबंद हीच माझी क्रमिक पुस्तके. त्यामुळे एखादा भव्य वाडा समोर आला, की इतरांना त्याचे शिल्प दिसते आणि मला त्याचे मस्टर दिसू लागते. आज मी ज्या वाड्याविषयी बोलणार आहे त्याचे शिल्पही मोठे आहे आणि मस्टरही मोठे आहे. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे काय दिसते, एवढेच मला सांगायचे आहे.

हा वाडा म्हणजे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील चॅट्सवर्थ. मालक कॅव्हेंडिश घराणे. पदवी डेव्हनशायरचे ड्यूक. डेव्हनशायर एकीकडे आणि वाडा दुसरीकडे, ही सरदारी पदव्यांची गंमत आपल्याकडच्या लोकांना नवी वाटू नये. आपल्याकडेही जहागीर एका गावची आणि वाडा दुसऱ्याच गावी असे घडतच होते. डर्वेंट नदीच्या काठी हिरवळ, मागे झाडीने भरलेला उतार, त्यावर उघडे माळरान, आणि मध्ये पिवळसर दगडाचा तो प्रचंड प्रासाद. नुसती बागच १०५ एकरांची. सोळाव्या शतकापासून आजवर ही वास्तू एकाच घराण्याशी बांधलेली आहे. आपला शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला आणि १८२८ च्या आगीत गेला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. चॅट्सवर्थ मात्र टिकला. तो कसा टिकला, हाच खरा विषय आहे.

प्रथम पैसा पाहू. सर विल्यम कॅव्हेंडिश हा आठव्या हेन्री राजाच्या पदरी असलेला अधिकारी. राजाने इंग्लंडमधील मठ खालसा केले, तेव्हा त्या मठांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अंमलदारांत हा गृहस्थ होता. धर्माची जमीन राजाकडे गेली आणि राजाकडून अशा माणसांकडे झिरपली. त्याची बायको बेस ऑफ हार्डविक ही विलक्षण करारी बाई. तिच्याच आग्रहावरून त्याने १५४९ साली चॅट्सवर्थची जमीन ६०० पौंडांना विकत घेतली आणि १५५२ साली तेथे बांधकाम सुरू झाले. पुढे १६८८ च्या राज्यक्रांतीत या घराण्याने ऑरेंजच्या विल्यमची बाजू घेतली आणि १६९४ साली ड्यूक ही पदवी पदरात पाडून घेतली. त्या पहिल्या ड्यूकने १६८७ पासून वीस वर्षे जुना वाडा टप्प्याटप्प्याने पाडून आज दिसतो तो प्रासाद बांधला. टेकडीवरून दगडी पायऱ्यांवर खळखळत उतरणारा पाण्याचा पाट त्याच काळातला.

त्यानंतर लग्ने झाली आणि लग्नांबरोबर जमिनी आल्या. १७४८ च्या एका विवाहाने आयर्लंडमधील लिस्मोरचा किल्ला आणि तिकडची विस्तीर्ण शेती या घराण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्याकडे इंग्लंड आणि आयर्लंड मिळून सुमारे २ लाख एकर जमीन होती. या जमिनीचा खंड हाच वाड्याचा खरा पाया होय.

जमिनीच्या पोटातूनही धन येत होते. शेजारच्या स्टॅफर्डशायरमध्ये एक्टन येथे या घराण्याची तांब्याची खाण होती. अठराव्या शतकात ती इतकी उत्पन्न देई, की पाचव्या ड्यूकने बक्स्टन या झऱ्यांच्या गावी अर्धचंद्राकृती भव्य इमारत उठवली ती या तांब्याच्या जोरावर. १७६९ साली प्रसिद्ध झालेले या खाणीचे एक वर्णन आहे, आणि त्यात माझ्यासारख्याला हवे ते सारे सापडते. खाणीत उतरणाऱ्या पुरुषाची पाळी सहा तासांची आणि मजुरी तासाला २ पेन्स. वर बसून दगड फोडणाऱ्या बायकांना मापावर मजुरी. दिवसाला ४ ते ८ पेन्स. मुलामुलींना २ ते ४ पेन्स. मापावर मजुरी म्हणजे काय, हे ज्याने कधी नगावर काम केले आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. हात जरा मंदावला, की चूल मंदावते. बक्स्टनच्या त्या इमारतीसमोर लोक आज थक्क होऊन उभे राहतात. थक्क जरूर व्हावे. परंतु तिच्या पायाखाली त्या बायकांचा हातोडा आहे, याचीही याद असावी.

आता बागेकडे वळू. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या मध्यास अभिरुची पालटली. आखीवरेखीव वाफे जुने झाले आणि निसर्गासारखी दिसणारी बाग हवीशी वाटू लागली. चौथ्या ड्यूकने ब्राऊन नावाच्या नामांकित उद्यानकाराला बोलावले. त्याने जुने वाफे मोडले, हिरवळी पसरल्या, झाडांचे पुंजके लावले. आज जे दृश्य पाहून आपण म्हणतो, “काय हा निसर्ग!”, ते दृश्य फावड्याने आणि ढकलगाड्यांनी घडवलेले आहे. निसर्गासारखे दिसण्यासाठी माणसाला फार राबावे लागते.

आणि त्या दृश्यात एक गाव आडवे येत होते. एडन्सर असे लिहितात आणि एन्झर असे उच्चारतात. वाड्याच्या खिडकीतून गावाची घरे दिसत. त्यांतील काही घरे चौथ्या ड्यूकच्या काळातच हटवली गेली; उरलेल्यांपैकी बहुतेक सहाव्या ड्यूकने १८३८ ते १८४२ च्या सुमारास हलवली आणि टेकाडाआड नवे गाव वसवले. न्यायाने बोलायचे तर नवी घरे जुन्यांपेक्षा चांगली होती. तऱ्हेतऱ्हेच्या घाटांची, टुमदार. ती पाहायला आजही लोक जातात. पण प्रश्न घराच्या चांगलेपणाचा नाही. घर कोठे असावे हे ठरवण्याचा अधिकार त्यात राहणाऱ्याला नव्हता. खिडकीत उभे राहणाऱ्याला होता. धरणाखाली, कारखान्याखाली ज्यांची गावे उठली, त्यांना यातील मर्म ताबडतोब कळेल.

येथे एक माणूस रंगमंचावर येतो आणि या कथेला निराळे वळण लागते. त्याचे नाव जोसेफ पॅक्स्टन. बेडफर्डशायरमधील एका शेतकरी कुटुंबातला हा धाकटा मुलगा. शिक्षण बेताचे. लंडनजवळ चिझिक येथील उद्यानसंस्थेच्या बागेत तो कामाला होता. बाग ड्यूकच्या जागेवर होती. ड्यूक येता-जाता या तरुणाशी बोले. १८२६ साली, वयाची तेवीस वर्षेही पुरी झाली नसताना, ड्यूकने त्याला चॅट्सवर्थचा मुख्य माळी केले. तो पहाटे साडेचारला तेथे पोचला. दार उघडे नव्हते म्हणून फाटकावरून चढून आत गेला, साऱ्या बागेला फेरी मारली, सहा वाजता माणसांना कामाला लावले, पाण्याची करामत पाहिली आणि मग नाश्त्याला बसला. त्या पंक्तीत वाड्याच्या कारभारणीची भाची होती. पुढल्या वर्षी त्यांचे लग्न झाले. सारे नऊ वाजण्याच्या आत उरकले, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. हजेरी मांडण्याची अशी हौस असलेला माणूस विरळा.

पॅक्स्टन आणि सहावा ड्यूक यांनी मिळून जगाची झाडे गोळा करण्याचा ध्यास घेतला. १८३५ साली त्यांनी जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडले. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजाने निघाले त्याच जहाजात हा माळी होता. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तो उतरला, तेथून खासी टेकड्यांत चेरापुंजीकडे गेला आणि १८३७ साली पेट्याच्या पेट्या भरून आमरीची फुलझाडे घेऊन परतला. त्यांतील एका जातीला ड्यूकच्या पदवीवरून ‘डेव्हनियानम’ हे नाव पडले; एकीला गिब्सनचे नाव लाभले. ज्या खांद्यांनी त्या पेट्या डोंगर उतरवल्या, त्यांचे नाव कोणत्याही फुलाला नाही.

पुढल्याच वर्षी चॅट्सवर्थचे आणखी दोन माळी उत्तर अमेरिकेत सूचिपर्णी वृक्षांच्या शोधात गेले. रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स ही त्यांची नावे. दोघेही तरुण. ऑक्टोबर १८३८ मध्ये कोलंबिया नदीच्या खळाळात त्यांची होडी उलटली आणि दोघेही बुडाले. बागेतल्या झाडाखाली उभे राहून त्याची उंची मोजणाऱ्याने हेही मोजावे. बियाणे गोळा करण्याच्या कामावर माणसे मेली आहेत. खाणीत, गोदीत, यंत्रावर मेलेल्यांची गणती व्हावी म्हणून आम्ही भांडतो. बागेवर मेलेल्यांची गणती कोण करतो?

एका झाडाची गोष्ट तर थेट आपल्या ताटापर्यंत येते. पॅक्स्टनने १८३० च्या सुमारास मॉरिशसहून आलेले केळीचे एक रोप मिळवले. काचघरात ते वाढवले. १८३५ च्या नोव्हेंबरात त्याला कोका आला आणि पुढल्या वर्षी शंभरावर केळ्यांचा घड लागला. मालकाच्या घराण्यावरून त्या केळीचे नाव पडले कॅव्हेंडिश. काही वर्षांतच या केळीची रोपे मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिक महासागरातील बेटांवर पोचली. विसाव्या शतकाच्या मध्यास जगाच्या बाजारातली जुनी जात पनामा रोगाने आटोपली आणि तिची जागा कॅव्हेंडिश कुळाने घेतली. आज जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास याच कुळातली आहेत. आपल्या जळगावची बसराई केळी याच कुळातली, आणि अलीकडे खानदेशात पसरलेली ग्रँड नैन हीही त्यातलीच. म्हणजे रावेर-यावलचा शेतकरी पहाटे केळीला पाणी देतो तेव्हा त्या पिकाच्या शास्त्रीय कुळनामात एका इंग्रज ड्यूकचे घराणे नांदत असते! वास्तविक ही केळ मूळची दक्षिण चीनकडची. कोणा शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या गड्डे निवडून, लावून, जपून ती आणली. ते निनावी राहिले. नाव कोणाचे आणि हात कोणाचे, हा माझा प्रश्न एका केळ्याच्या सालीतही असा सापडतो.

आता या बागेतील सर्वांत मोठा चमत्कार ऐका. १८३६ ते १८४० या काळात पॅक्स्टनने एक महाप्रचंड काचघर बांधले. लांबी २७७ फूट, रुंदी १२३, उंची ६७. थंड डर्बीशायरात आत ताड, केळी, वेली अशा उष्ण कटिबंधातल्या वनस्पती. त्यासाठी आठ बॉयलर आणि सात मैल लांबीचे नळ. १८४३ साली व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा आत १२ हजार दिवे लावले होते आणि राणी उघड्या गाडीतून त्यामधून फिरली. पण गिरणीच्या बॉयलरखात्याशी संबंध आलेल्या माणसाचे लक्ष दिव्यांकडे जाणार नाही. तो विचारील, कोळसा कोठून येत होता? कोळसा येत होता जमिनीखालच्या बोगद्यातून, रुळांवरच्या गाड्यांतून. आणि धूर? धूरही जमिनीखालच्या वाटेने दूर टेकडीवरच्या झाडीत नेऊन सोडलेला. उद्देश असा, की बागेत फिरणाऱ्याला कोळसाही दिसू नये, धूरही दिसू नये आणि आगवालाही दिसू नये. ऊब तेवढी लागावी. या एका व्यवस्थेत त्या काळाचे सारे अर्थशास्त्र आहे, असे मला वाटते.

१८४४ साली रशियाचा झार निकोलस इंग्लंडात येणार होता. तो चॅट्सवर्थलाही येईल अशी आशा होती. त्याच्या स्वागतासाठी जगातील सर्वांत उंच कारंजे करायचे ठरले. वरच्या माळरानावर आठ एकरांचे तळे खोदले; सुमारे १ लाख घनयार्ड माती उपसली. रात्री मशालींच्या उजेडात काम चाले. सहा महिन्यांत ते पुरे झाले आणि नुसत्या उताराच्या दाबावर पाणी २९६ फूट उसळले. झार मात्र आलाच नाही. त्याने ते कारंजे कधीच पाहिले नाही. आजही त्याला सम्राटाचे कारंजे म्हणतात. ज्यांनी रात्री माती उपसली त्यांचे म्हणायला काय हरकत होती? ते निदान हजर तरी होते!

परंतु हे पाणी पुढे उपयोगी पडले. १८९३ पासून १९३६ पर्यंत या तळ्यांच्या पाण्याने चक्क्या फिरवून वाड्याला वीज पुरवली. पॅक्स्टनची विद्याही वाड्यातच अडकून पडली नाही. १८४९ साली त्याने दक्षिण अमेरिकेतील महाकमळ चॅट्सवर्थला फुलवले. त्याच्या पानाच्या पाठीवरील शिरांची जाळी पाहून आणि काचघरांचा अनुभव जमेस धरून त्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी स्फटिकप्रासादाचा आराखडा केला. सुमारे ३ लाख काचा आणि सुमारे २ हजार कामगार. ते प्रदर्शन ६० लाखांवर लोकांनी पाहिले. एक शिलिंगाच्या तिकिटाच्या दिवशी कामकरी माणसेही त्यात होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १८४७ सालची. त्या वर्षी लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावात पॅक्स्टनने आखलेली बाग खुली झाली. ती कोणा ड्यूकची नव्हे. नगराच्या पैशाने केलेली, सर्वांना मोफत. अमेरिकेतील ओल्मस्टेडने १८५० साली ती पाहिली आणि पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या रचनेत तिचा संस्कार उतरला. हिंदुस्थानातून फुले आणणारा गिब्सनही पुढे लंडनच्या बॅटरसी या सार्वजनिक उद्यानाचा प्रमुख झाला. सरदाराच्या बागेत शिकलेले हात लोकांच्या बागा करू लागले. या साऱ्या कथेतील मला सर्वांत आवडणारे पान हेच.

आता उतरता काळ. पहिल्या महायुद्धात माणसे गेली, कोळसा मिळेना. महाकाचघर थंड पडले आणि आतली झाडे मेली. १९२० साली ते सुरुंग लावून पाडण्यात आले. त्या जागी आता हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह आहे. आगवाला नाहीसा झाला आणि त्याच्या मागोमाग ताडही नाहीसे झाले. जो डोळ्यांआड ठेवला होता तोच सारे धरून होता, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१९३२ साल. चॅट्सवर्थच्या वायव्येस किंडर स्काउट नावाचे उंच माळरान. तेथे ड्यूकच्या मालकीच्या भागात ग्राऊज या पक्ष्याची शिकार राखून ठेवलेली. मँचेस्टर, शेफील्डच्या धुरकट शहरांतल्या कामगारांना रविवारी डोंगर चढायचा होता. वाटेत रखवालदार उभे. २४ एप्रिल रोजी सुमारे चारशे तरुण हक्काने त्या माळावर चढून गेले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा. पुढे तो कामगार संघटनेचा कार्यकर्ता म्हणून ओळखला गेला. रखवालदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. रॉथमनला चार महिने. पण त्या तुरुंगवासाने प्रश्न साऱ्या देशापुढे आला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली इंग्लंडातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते याच डोंगराळ प्रदेशाचे. चॅट्सवर्थही त्याच्याच हद्दीत आहे. २००२ साली, त्या मोहिमेच्या सत्तराव्या स्मृतिदिनी, अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. सत्तर वर्षे लागली, पण मागितली.

त्याच ड्यूकवर १९५० साली दुसरा प्रसंग ओढवला होता. त्याचे वडील नोव्हेंबरात वारले. मुलाच्या नावे केलेली व्यवस्था करमुक्त व्हायला पाच वर्षे पुरी व्हावी लागत. चौदा आठवडे कमी पडले. वारसा कर ऐंशी टक्के. हजारो एकर जमीन विकली गेली, मोठमोठी चित्रे सरकारजमा झाली आणि बेसने बांधलेला हार्डविकचा प्रासाद राष्ट्राकडे गेला. कराचा हिशेब मिटायला सतरा वर्षे लागली. चॅट्सवर्थचे दरवाजे १९४९ सालीच तिकीट लावून लोकांना उघडले होते. १९८१ साली वाडा व बाग एका सार्वजनिक न्यासाच्या हाती दिली गेली. आता ड्यूकचे कुटुंब तेथे राहते ते न्यासाला भाडे भरून! भाडेकरू संघाच्या सभासदांना हे ऐकून समाधान वाटेल.

आमच्या चळवळीत असे वाडे पाहिले, की दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक म्हणतो, “थोर लोक होते, म्हणून हे झाले.” दुसरा म्हणतो, “हे पापाचे दगड आहेत, पाडा.” मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. पहिल्याने मस्टर वाचलेले नाही. दुसऱ्याने वाचले आहे, पण त्याचा अर्थ उलटा लावला आहे. दगड फोडणाऱ्या बाईचा, बुडालेल्या माळ्याचा आणि बोगद्यातल्या आगवाल्याचा घाम जर त्या वास्तूत आहे, तर ती पाडणे म्हणजे त्यांचे उरलेसुरले काम पुसणे होय. कामगाराने कामगाराचे काम का पुसावे?

वाडा टिकला तो रक्ताच्या निळेपणाने नव्हे. कायद्याने कर बसवला, लोकांनी वाटा मागितल्या, दरवाजे उघडावे लागले, आणि उघडले म्हणून आत पैसा व माणसे आली. म्हणून तो टिकला. ज्यांना एके काळी खिडकीतून दिसू नये म्हणून हलवले, त्यांच्यासारख्यांचीच पणतवंडे आज तिकीट काढून त्या खिडकीत उभी राहतात.

या सुटीत आपण आपल्याकडचा एखादा वाडा, राजवाडा किंवा बाग पाहायला जाल. मार्गदर्शक आपणांस राजाचे नाव सांगेल, राणीचे नाव सांगेल, सिंहासनाची किंमत सांगेल. त्याला तीन गोष्टी विचारा : पैसा कोठून आला, हात कोणाचे लागले, आणि यासाठी कोणाला उठवले? त्याला उत्तर आले नाही तर रागावू नका. तोही बहुधा रोजंदारीवर असेल. पण विचारा. आणि मग झाडाखाली खुशाल बसा. ती सावली आपल्याच लोकांनी लावलेली आहे.